मंगळवारचा साहेबी नाश्ता

चाळिशीच्या बायकोचा वाढदिवस करायचा, हे खूळ उद्धवराव कानड्यांच्या डोक्यात शिरलं ते एका नळाच्या वायसरमुळे. मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यातला नळ गळत होता, वायसर पिंपरीच्या पंपांच्या कारखान्यातल्या स्टोअर्समध्ये होता, स्टोअर्सचे हेडक्लार्क उद्धवराव होते आणि शिपाई नेमका रजेवर होता. तेव्हा वायसर कागदात गुंडाळून उद्धवराव सकाळीच बंगल्यावर गेले. जायचं होतं मागच्या दाराने. पण हेडक्लार्कने मागच्या दाराने जावं का, या प्रश्नाचा विचार करता करता ते पुढच्या व्हरांड्याशी पोचले आणि तिथेच थबकले.

व्हरांड्यात टेबल होतं. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर चिनी मातीची किटली. बाईसाहेब खुर्चीत बसल्या होत्या आणि साहेब, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा कारखाना सरळ उभा राहायचा ते साहेब, भाजलेल्या पावाला स्वतःच्या हाताने लोणी लावून त्यांच्या बशीत ठेवत होते. "बाईसाहेबांचा वाढदिवस हाय आज," माळ्याने हळूच सांगितलं. उद्धवरावांना साहेबांचं नवल वाटलं नाही. साहेब लोक काहीही करतात. त्यांना नवल वाटलं ते बाईंचं. बाई बसून खात होती, सगळ्यांच्या आधी खात होती आणि खात होती ते गरम होतं. पावाची वाफ त्यांना पायरीवरून दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवरावांनी पेपराच्या वरून स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच केलं असावं. रुक्मिणीबाईंनी त्यांना गरम पोहे दिले, चहा दिला, दाढीचं पाणी दिलं, बंबात जळण घातलं, दूधवालीशी हिशेब केला, डबा भरला. मग ओट्याला टेकून, उभ्याउभ्या, कढईतले उरलेले पोहे कढईतूनच खाल्ले आणि वर कपातला गार झालेला चहा एका घोटात संपवला. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात वसतिगृहात. घरात माणसं दोन. त्यातलं एक बसून खात होतं आणि दुसरं उभं राहून, आणि याची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. उद्धवरावांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. त्यांनी तिथेच ठरवलं की रुक्मिणीच्या वाढदिवसाला ती खुर्चीत बसणार, पांढऱ्या चादरीवर खाणार, पहिला घास तिचा असणार आणि तो गरम असणार. बस्स, एवढंच होतं ते. सगळ्या भानगडी सुरू होतात त्या अशाच, 'बस्स, एवढंच'पासून.

पहिली अडचण ही की वाढदिवस कधी असतो ते नवऱ्याला माहीत नव्हतं. बायकोला विचारलं तर गुपित फुटणार, आणि उद्धवरावांना तिला चकित करायचं होतं. नशिबाने सासूबाई, बार्शीच्या सुभद्राबाई, दिवाळीला येऊन राहिल्या होत्या. त्यांना एकटं गाठून उद्धवरावांनी सहज म्हणून विचारलं. सुभद्राबाईंना पाच मुली. त्यांनी डोळे मिटले, ओठांशी काही पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "पौषातली हो ती. वद्य षष्ठी. हुरड्याचे दिवस होते, मळ्यात पाहुणे आले होते आणि मला इकडे कळा सुरू झाल्या. पाहुण्यांचा हुरडा राहिला तो राहिलाच." एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर उद्धवरावांनी ट्रंकेतून वडिलांच्या जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढला. बायको देवळात गेली की ते पंचांग उघडून बसत. अधिक महिने पाहिले, क्षयतिथी तपासली, शकाचा इसवी सन केला आणि अखेर चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या षष्ठीची इंग्रजी तारीख मुठीत पकडली. साहेब लोकांचा वाढदिवस तारखेने होतो, तेव्हा हाही तारखेनेच.

ती तारीख या वर्षी मंगळवारी येत होती. आणि योगायोग असा, की विजेच्या तारांचं काम निघाल्यामुळे कारखाना त्या मंगळवारी बंद राहणार होता. उद्धवरावांना या गोष्टीत परमेश्वराचा हात दिसला. तो होताही, पण त्यांना वाटला त्या दिशेने नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीचं पंचांग एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या या माणसाने स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं चालू वर्षाचं पंचांग मात्र उघडलं नाही. ते बायकांचं खातं, असा त्यांचा समज होता.

दुसरी अडचण टेबलाची. क्वार्टरमध्ये टेबल नव्हतं. शेजारचे लक्ष्मणराव देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, साहेबांच्या मेसमध्ये वावरलेले, म्हणून उद्धवरावांनी त्यांना विश्वासात घेतलं. तशी चूक माणसाने एकदाच करावी.

"नाश्ता म्हणता राव, आणि नुसता पाव?" लक्ष्मणरावांनी मिशीवरून हात फिरवला. "साहेबी नाश्त्याला आमलेट लागतं. आमलेट नसेल तर तो नाश्ता नव्हे, ती न्याहारी."

"आमच्या घरात अंडं येत नाही, लक्ष्मणराव."

"घरात कोण आणतंय? मी मागच्या अंगणात माझा स्टोव्ह लावतो. माझी कढई, माझी अंडी. तुमच्या चुलीला शब्द लागणार नाही. आणि टेबल क्लबातून घ्या. क्लब तुमचाच."

क्लब कारखान्याचा होता आणि त्याचे सेक्रेटरी अर्जुनराव हिशेबखात्यातले होते. उद्धवरावांनी आयुष्यभर स्टोअर्सच्या खिडकीत बसून लोकांना खिळ्यासाठी, खराट्यासाठी, बल्बसाठी तंगवलं होतं. 'जुना बल्ब जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही' ही पाटी त्यांच्याच अक्षरातली. अर्जुनरावांच्या बल्बलाही ती पाटी लागू झाली होती, आणि अर्जुनराव ते विसरले नव्हते.

"टेबल कशासाठी?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"वाढदिवस आहे. घरात."

"नियमात लग्न आहे, मुंज आहे, बारसं आहे. वाढदिवस नाही. बारसं लिहू?"

"अहो, चाळीस वर्षांच्या बाईचं बारसं?"

"मग श्राद्ध बसतं. श्राद्धाला पाट लागतात, टेबल नाही, पण ते मी सांभाळून घेईन."

उद्धवरावांचा चेहरा पाहून त्यांनी एवढीच सवलत दिली की स्टोअर्स ऑफिसर मोहितेसाहेबांची सही आणली तर 'इतर' या सदरात बसवता येईल. टेबल आणि खुर्च्या संध्याकाळी पाचच्या आत परत. चादर क्लबची नाही, ती धोबीखात्याची, कपबश्या कॅन्टीनच्या. त्यांच्या परवानग्या वेगळ्या. उद्धवराव सगळीकडे फिरले. प्रत्येक खिडकीपाशी त्यांना आपण आजवर लोकांचं काय केलं त्याची हळूहळू जाणीव होत गेली, आणि अशी जाणीव रांगेत उभं राहून व्हावी हे काही सुखाचं नसतं.

हिंदुराव मोहितेसाहेबांनी सही करता करता मान वर केली. "सौभाग्यवतींचा वाढदिवस? टेबलावर नाश्ता? वा! कानडे, तुम्ही आतून असे मॉडर्न असाल असं वाटलं नव्हतं. आम्ही किती वाजता येऊ?"

आता साहेबांना येऊ नका कसं म्हणणार? साहेब येणार म्हणजे साहेबांच्या पत्नी इंद्रायणीबाई येणार. साहेब येणार हे कळल्यावर स्टोअर्समधले दोघं कारकून सहकुटुंब येणार. टेबल ज्यांनी दिलं त्या अर्जुनरावांना न बोलवणं म्हणजे टेबलावर पाणी सोडणं. लक्ष्मणराव आणि त्यांच्या शालनबाई तर आमलेटसकट ठरलेल्याच होत्या. गरम पावाचा एक तुकडा एका बाईच्या बशीत पडावा एवढी साधी इच्छा, तिच्याभोवती आता डझनभर माणसं जमली होती.

यापुढे देव खुणा करत होता आणि उद्धवराव त्या खुणा पुसत होते. काळेवाडीहून दूध घालायला येणाऱ्या छबूबाईंना त्यांनी दाराबाहेर गाठून मंगळवारसाठी लोणी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "लोनी कशाला वो सायेब त्या दिशी? दही न्या की. समदी कालनी दहीच सांगतीया मंगळवारचं." उद्धवरावांना वाटलं, बाईचं लोणी कमी पडतंय म्हणून दही खपवते आहे. किराणा दुकानात दुकानदार म्हणाला, "साबुदाणा संपला, मंगळवारच्या आत नाही यायचा." "मला साबुदाणा नकोच आहे," उद्धवराव म्हणाले, आणि आपली निवड इतरांपेक्षा वेगळी असल्याचं त्यांना समाधान वाटलं. कॅम्पातल्या बेकरीवाल्याने तर कहर केला. "मंगलवारको पाव नहीं, साब. उस दिन कौन खायेगा? मैं बनाताच नहीं." एका सुट्टीच्या दिवसापायी गिऱ्हाईक सोडणाऱ्या या माणसाला धंदा कळत नाही, असं उद्धवरावांनी त्याला दोन वाक्यांत सुनावलं आणि सोमवारी संध्याकाळचे पाव आधीच सांगून ठेवले.

एवढंच कशाला, खुद्द रुक्मिणीबाईंनीच शनिवारी वाढता वाढता विचारलं, "मंगळवारी काय आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

उद्धवराव गालातल्या गालात हसले. "मला सगळं ठाऊक आहे. मंगळवारचं तू काही विचारायचं नाहीस आणि काही बोलायचंही नाहीस."

रुक्मिणीबाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मग आमटीच वाढली.

सोमवारी संध्याकाळी उद्धवरावांनी पाव लपवले. लपवायला जागा कुठे, तर पंचांगांच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेत लोकरीचे कपडे होते आणि कपड्यांत डांबराच्या गोळ्या. पावाला वास शोषून घेण्याची केवढी हौस असते, हे त्यांना मंगळवारी सकाळी ट्रंक उघडल्यावर कळलं. पण तोवर क्लबातून टेबल येऊन दारात उभं राहिलं होतं आणि वासाचा विचार करायला सवड उरली नव्हती.

टेबल हिरवं होतं. त्याच्या मधोमध पांढरा पट्टा होता. अर्जुनरावांनी परवानगीत 'टेबल, एक' लिहिलं होतं आणि क्लबात टेबल एकच होतं, टेबल टेनिसचं. ते क्वार्टरच्या दारातून आत जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. हमाल म्हणाले, दार काढा. शेवटी ते पुढच्या अंगणातच मांडलं, म्हणजे साऱ्या कॉलनीच्या डोळ्यांपुढे. धोबीखात्याची चादर अर्ध्याच टेबलाला पुरली. उरलेल्या अर्ध्यावर उद्धवरावांनी पलंगपोस घातला. त्यावर दोन मोर होते आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे होते. एका टोकाला त्यांनी क्लबातली एकुलती एक हातांची खुर्ची ठेवली. तीवरची धूळ त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसली. ती रुक्मिणीची.

मग ते आत गेले. रुक्मिणीबाई न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, देवापुढे दिवा लावून उभ्याच होत्या. चकित वगैरे काही दिसल्या नाहीत. उद्धवराव म्हणाले, "चल. आज तू काही करायचं नाहीस. आज तू बसायचंस."

"अहो, पण..."

"पणबिण काही नाही. बस."

त्या येऊन खुर्चीत बसल्या. अवघडून, पदर आवरून, काठावर. तरी बसल्या. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवून पाहिले. उद्धवरावांच्या आजवरच्या सगळ्या खिडक्या, सगळ्या परवानग्या त्या क्षणी वसूल झाल्या. दुर्दैवाने तो क्षण फार टिकला नाही, कारण पाहुणे आले.

मोहितेसाहेब सूट घालून आले. इंद्रायणीबाई कपाळभर हळदीकुंकू लावून, हातात दूर्वांची जुडी घेऊन आल्या. "चिंचवडला मोरयाच्या दर्शनाला जाताजाता आले," त्या रुक्मिणीबाईंना म्हणाल्या, "ही रांग लागलीय पहाटेपासून." उद्धवरावांना ही रांग कसली ते विचारावंसंही वाटलं नाही. त्यांचं लक्ष मागच्या अंगणाकडे होतं. सगळे टेबलाभोवती बसले, पावाच्या बश्या फिरल्या, डांबरगोळ्यांचा हलका वास मोरांवरून दरवळला, आणि तेवढ्यात घराला वळसा घालून लक्ष्मणराव अवतरले. डोक्याला मुंडासं, हातात थाळी, थाळीत वाफाळणारी पिवळीधमक आमलेटं.

"गरमागरम!" ते गरजले.

 इंद्रायणीबाईंनी खुर्ची एकदम मागे सरकवली आणि दूर्वांची जुडी पदराखाली घेतली. कारकुनांच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"कानडे," इंद्रायणीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आज अंगारकी आहे."

मंगळवारी आलेली संकष्टी चतुर्थी. चिंचवडच्या मोरयापासून हाकेच्या अंतरावर. ज्या दिवशी एरवी देवाला न विचारणारी माणसंही चंद्र उगवेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत, फार तर उपासाचं खातात, त्या दिवशी सकाळी उद्धवरावांनी तमाम स्टोअर्सखात्याला अंड्यांचं आवतण दिलं होतं. दही, साबुदाणा, बेकरीवाला, सगळे एका ओळीने त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. बेकरीवाल्याला आपण काय काय बोललो तेही आठवलं.

"अर्थात! अंगारकी!" मोहितेसाहेब मोठ्याने म्हणाले. त्यांची नजर आमलेटावरून निघता निघत नव्हती, पण बायको शेजारी होती. "आमच्याकडे कडक असते." ते ऐकताच दोघं कारकून तत्काळ उपाशी झाले. अर्जुनरावांनी पावाचा घास तोंडात घातला होता, तो त्यांनी खोकल्याच्या निमित्ताने रुमालात घेतला. लक्ष्मणराव थाळी घेऊन तसेच उभे होते. "लष्करात असलं काही नव्हतं," एवढंच ते म्हणाले आणि शालनबाईंनी डोळे वटारल्यावर आल्या पावली परत गेले.

तेवढ्यात खुर्ची वाजली. रुक्मिणीबाई उठल्या होत्या.

"बस तू," उद्धवराव कळवळून म्हणाले.

"पाहुणे दारातून उपाशी जातील का?" त्यांनी पदर खोचला. शालनबाईही पाठोपाठ उठल्या. आत ओट्यावर भलंमोठं पातेलं झाकून ठेवलेलं होतं, शालनबाईंच्या घरचं, आणि त्यात आदल्या रात्री भिजवलेला साबुदाणा टपोरा फुलून बसला होता. दाण्याचं कूट तयार होतं. रताळी उकडलेली होती. छबूबाईंचं दही विरजणाच्या भांड्यात होतं. उद्धवराव पातेल्याकडे नुसते बघत राहिले. कॉलनीत भिंती एकाच विटेच्या असतात. पहिल्या दिवशी लक्ष्मणरावांना सांगितलेलं गुपित त्याच संध्याकाळी शालनबाईंकडून इकडे आलं होतं. बायकांना सगळं ठाऊक होतं. फक्त त्यांना कोणी बोलू दिलं नव्हतं.

खिचडी अप्रतिम झाली होती. मोहितेसाहेबांनी तीनदा घेतली. "उपासाचा नाश्ता, आणि तोही टेबलावर! कानडे, कल्पना फर्मास आहे तुमची," असं म्हणून त्यांनी उद्धवरावांची पाठ थोपटली. उद्धवरावांना ती पाठ कुठेतरी काढून ठेवावीशी वाटली. रुक्मिणीबाई आतून पातेलं आणत होत्या, वाढत होत्या, दही हवं का विचारत होत्या, पुन्हा आत जात होत्या. आणि हातांची खुर्ची रिकामी आहे असं पाहून अर्जुनराव आपल्या जागेवरून उठले, तीत ऐसपैस बसले आणि रताळ्याच्या फोडी मागू लागले. 'ऊठ तिथून' असं म्हणायला उद्धवरावांच्या जिभेवर शब्द आले होते. पण टेबल त्यांचं, नियम त्यांचे, आणि पाहुणाही तेच. उद्धवरावांनी रताळ्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. 

सगळे गेल्यावर ते कपबश्या उचलून आत गेले, तर रुक्मिणीबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. पातेल्याच्या तळाची गार खिचडी त्या पातेल्यातूनच खात होत्या. रोजच्यासारखीच.

उद्धवरावांनी कपबश्या तिथेच ठेवल्या.  ते अंगणात जाऊन त्या खुर्चीत बसले. दुपार सरली. येणारेजाणारे हिरव्या टेबलाकडे आणि त्यांच्याकडे बघत जात होते. पाचाला अर्जुनराव हमालांना घेऊन हजर झाले. टेबल उचललं, बाकीच्या खुर्च्या उचलल्या, चादरीला दह्याचा डाग पडला तो टिपून घेतला.

"उद्धवराव, ती खुर्ची."

"नाही."

"नाही म्हणजे? पाचच्या आत परत. नियम आहे."

"मी बसलोय."

"अहो, मग उठा!"

"उठत नाही. खुर्ची हरवली असं लिहा. हेडक्लार्कने हरवली असं लिहा." उद्धवरावांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ज्या माणसाने नोकरीत एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्या तोंडून हे ऐकून अर्जुनरावांना काय करावं सुचेना. माणसासकट खुर्ची उचलायला हमाल तयार होईनात. शेवटी "उद्या वर कळवतो" असं बजावून ते निघून गेले. संध्याकाळचं दूध घालायला आलेल्या छबूबाई कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. "म्या तवाच म्हनलं व्हतं, दही न्या म्हून," त्या म्हणाल्या. "आन् आता थंडीचं भायेर कशापायी बसलाय वो?"

"राखण करतोय," उद्धवराव म्हणाले.

अंधार पडल्यावर ते खुर्ची उचलून स्वतः आत घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली. चंद्र उगवला तेव्हा कॉलनीतली मुलं 'दिसला, दिसला' म्हणून अंगणातून ओरडली. रुक्मिणीबाईंनी चंद्राला अर्घ्य दिलं, आरती केली, नैवेद्याच्या मोदकाचा तुकडा दोघांनी खाल्ला. त्या पानं घ्यायला वळल्या तशी उद्धवरावांनी वाट अडवली.

"बस."

"अहो, आता कसलं..."

"हात जोडतो तुला. बस."

त्या बसल्या. या वेळी काठावर नाही; पाय वर घेऊन, सरळ मांडी घालून. उद्धवराव शेगडीपुढे उकिडवे बसले. ट्रंकेतला उरलेला पाव त्यांनी कापला तो चारी बाजूंनी वेडावाकडा. जाळीवर ठेवलेली पहिली फोड कोळसा झाली. दुसरी निखाऱ्यात पडली. तिसरी काढताना बोटं भाजली, पण ती जमली. त्यांनी तिला छबूबाईंचं लोणी चोपडलं, बशीत ठेवली आणि बशी बायकोच्या हातात दिली. लोणी वितळून पावात मुरत होतं आणि वाफ निघत होती.

रुक्मिणीबाईंनी घास घेतला. हळूहळू चावला. उद्धवराव भाजलेलं बोट तोंडात धरून त्यांच्याकडे बघत होते. परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहतात तसे.

"शिळा आहे," त्या म्हणाल्या. "डांबराच्या गोळ्यांचा वासही येतोय." त्यांनी दुसरा घास घेतला. "पण गरम आहे हो."

त्यांचे डोळे भरून आले होते. शेगडीचा धूर झाला होता हेही खरं. उद्धवरावांनी चौथी फोड जाळीवर टाकली आणि पाठ करूनच विचारलं, "अंगारकी आहे हे तुला माहीत होतं. सगळा बेत माहीत होता. मी बोलू दिलं नाही, ते माझं चुकलं. पण धरून बसवून सांगायचंस की मला."

"सांगणार होते. पण ते सांगितलं असतं तर आणखीही एक सांगावं लागलं असतं."

"काय?"

"हुरड्याच्या दिवसांत झाली ती मंजुळाताई. माझी थोरली बहीण. आईचा घोटाळा होतो, पाचजणी आम्ही." त्या बशीतले लोण्याचे थेंब पावाने टिपत होत्या. "माझा जन्म भाद्रपदातला. गौरी जेवतात त्या दिवशीचा."

उद्धवराव जाळी तशीच धरून वळले. जुनी पंचांगं, ट्रंक, खिडक्या, टेबल टेनिसचं टेबल, सगळं त्यांच्या डोक्यात गडगडत गेलं. "म्हणजे आज वाढदिवसच नाही? अगं, मग हे तरी बोलायचंस! मी तारीख बदलली असती."

"बदलून कुठली घेतली असती? गौरीजेवणाची?" रुक्मिणीबाई हसल्या. "सोळा भाज्या, पुरण, वीस पानं. जन्मल्यापासून त्या दिवशी मी चुलीपुढून उठलेली नाही. त्या दिवशी घरातल्या बाईला कोण खुर्ची देतंय?"

 उद्धवरावांनी फोड बशीत ठेवली. रुक्मिणीबाईंनी खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवला आणि पावाला लोणी लावण्यासाठी बशी पुढे केली.

"पुढच्या वर्षीही याच तारखेला करा," त्या म्हणाल्या. "फक्त आधी खिळ्यावरचं पंचांग बघा."